गारवा जातो कुठे?

बॉनेट उघडून उभी असलेली मोटार ही आपल्याकडे सार्वजनिक मालमत्ता समजली जाते. एरवी जे गृहस्थ समोरून येताना दिसले तरी नजर चुकवतात, तेही अशा वेळी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून थांबतात, आत डोकावतात, आणि "काय झालं?" असे विचारून उत्तराची वाट न पाहता निदान सांगून मोकळे होतात. २०२४ च्या मे महिन्यात आमची मोटार नागपुरातल्या आमच्या घराच्या फाटकात ओळीने पाच संध्याकाळी अशी जबडा वासून उभी होती. आणि त्या पाच संध्याकाळी मला जेवढा सल्ला मिळाला, तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही मिळाला नव्हता. कुणी म्हणाले, कॉम्प्रेसर गेला. कुणी म्हणाले, पट्टा सैल झाला. समोरच्या बंगल्यातले निवृत्त अधिकारी तर म्हणाले, की मोटारीत एअर-कंडिशनर हवाच कशाला? त्यांच्या वेळी म्हणे खिडकीला ओला टॉवेल लावून मंडळी थेट पचमढी गाठीत!

मी हसून मान डोलावली. त्यांना काय सांगणार?

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या हिची मूत्रपिंडे थकली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातले तीन दिवस, आणि दर खेपेला चार तास डायलिसिस. सुया, यंत्र, पथ्ये या साऱ्यांशी तिने माझ्याआधी जुळवून घेतले. परंतु या आजाराचे खरे पथ्य मिठाचे नाही की केळ्याचे नाही. ते पाण्याचे आहे. अंगातले पाणी बाहेर जाण्याची वाटच बंद झाली, की आत किती घ्यायचे ते मोजूनच घ्यावे लागते. डॉक्टरांनी हिला दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिले आहे. त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्यांवरचे घोट. ज्याने नागपूरचा नवतपा काढला आहे, त्याला पाऊण लिटर म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. आणि हिची पाळी दुपारी बाराची. मानेवाड्याहून धंतोलीपर्यंतचा रस्ता तसा फार लांबचा नाही. पण तापलेल्या पत्र्याच्या डब्यात बसून, चार चौकांचे लाल दिवे पाळत गेले, की तिची स्टीलची लहान बाटली तुकडोजी पुतळ्यापाशीच रिकामी होई. मग उरलेला दिवस ती बर्फाचा एक खडा गालात धरून काढी. तक्रार म्हणून कधी केली नाही. तक्रार केली असती तर बरे झाले असते, असे मला कित्येकदा वाटे.

एप्रिलात गाडीतला गारवा आटला, तेव्हा मी सगळ्यांसारखाच गॅरेजात गेलो. तिथला तरुण म्हणाला, "गॅस संपलाय, सर." त्याने गॅस भरला, मी पैसे दिले. तीन आठवड्यांनी पुन्हा हवा कोमट. पुन्हा "गॅस संपलाय", पुन्हा गॅस, पुन्हा पैसे. या खेपेस मात्र त्याने वर एक भविष्यही सांगितले: "पुन्हा गेला, तर कूलिंग कॉइल बदलावी लागेल. डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे दोन दिवस गाडी इथेच." दहा दिवसांत गारवा पुन्हा मंद होऊ लागला, आणि घरी बसून मी त्या एका वाक्याचा विचार करू लागलो. गॅस संपतो म्हणजे काय होते?

एकतीस वर्षे मी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवले. माठातले पाणी गार का होते, हे दरवर्षी जूनमध्ये सांगितले. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. एक ग्रॅम पाण्याला ५४० कॅलरी लागतात. याला अप्रकट उष्मा म्हणतात. अधोरेखित करा, परीक्षेला येते. मोटारीतले यंत्र म्हणजे तोच माठ. फरक एवढाच, की माठातले पाणी उडून जाते आणि रोज भरावे लागते. इथे उडालेला गॅस कॉम्प्रेसर पुन्हा दाबतो, समोरच्या जाळीत वारा देऊन त्याचा द्रव करतो, आणि तोच द्रव पुन्हा आत पाठवतो. हा गॅस उणे २६ अंशांनाच उकळतो, म्हणून डॅशबोर्डामागच्या कॉइलमध्ये दाब कमी झाला की तो उकळतो आणि आपल्या वाटची उष्णता घेऊन जातो. तेच ते, तेच ते, वर्षानुवर्षे. तो पेट्रोलसारखा जळत नाही, की माठासारखा आटत नाही. कमी झाला याचा अर्थ एकच: कुठून तरी बाहेर गेला. भोक तसेच ठेवून वरून ओतत राहणे हा उपाय नव्हे. आणि हे मला दुसरे बिल चुकते करीपर्यंत सुचले नाही! गुरुजींना कुणी परीक्षा लावीत नाही, हे त्यांचे नशीब.

जाता जाता सांगण्यासारखी एक गोष्ट. हे वातानुकूलन प्रथम माणसाच्या सुखासाठी जन्माला आलेच नाही. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे-आक्रसे आणि रंगावर रंग बसत नसत, म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने ती योजना आखली. म्हणजे दिवाळी अंकाच्या रंगीत मुखपृष्ठाचे आणि आमच्या गाडीचे गोत्र एकच. मोटारीत हे यंत्र १९३९ साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने आणले. त्याने डिकीची निम्मी जागा खाल्ली होती. आणि गारवा नको झाला, तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने उतरवावा लागे. थंडी वाजली म्हणून नवऱ्याला उन्हात उतरवणाऱ्या त्या काळच्या बायकांचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

असो. गळती शोधण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे साबणाचे पाणी. साबण आणायला आत गेलो, तर ही म्हणाली, "साबण कशाला? रिठ्याचं पाणी घ्या. फेस लवकर मोडत नाही." रिठे उकळले, गाळले आणि माझा दाढीचा ब्रश त्या कामी लावला. शोध मात्र यंत्र बंद ठेवून घ्यायचा. चालू असताना जाड नळीतला दाब बराच उतरलेला असतो. बंद केले, की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि लहानशा भोकातूनही बुडबुडा निघतो. हात तेवढा पंख्यापासून आणि गरम नळ्यांपासून दूर.

पहिल्या दोन संध्याकाळी मी एकेका जोडाला फेस लावून, हातात बॅटरी घेऊन, घड्याळजीसारखा डोळा बारीक करून पाहत राहिलो. गॅसबरोबर थोडे तेलही झिरपते, त्यामुळे गळतीच्या जागी धुळीचा काळा चिकट डाग पडतो. तसा डाग कुठे आहे का, हेही पाहिले. काही नाही. तिसऱ्या दिवशी निराशेपोटी पुढची जाळी पाण्याच्या मंद धारेने धुतली. तिच्यातून निघालेली माती, पंख आणि किडे यांतून एक कुंडी भरली असती. हवेची गाळणी काढली, तर तिच्यात कडुनिंबाचा अख्खा पाचोळा. ही दोन कामे कुणालाही घरी करता येतात आणि कुणीही करीत नाही. गारवा त्याने पाव आणा सुधारला असेल. पण बुडबुडा काही सापडेना.

चौथ्या संध्याकाळी ही ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. शुक्रवार होता, डायलिसिसच्या दिवशी तिला उभे राहवत नाही. माझी चाललेली खटपट बराच वेळ पाहून ती म्हणाली, "अहो, त्या बारीक नळीच्या बोंडाला टोपी आहे. जाड नळीच्या बोंडाला का नाही?"

मी पाहिले. गॅस भरायची दोन तोंडे असतात. एक बारीक नळीवर, एक जाड नळीवर. बारीक नळीवर काळी टोपी होती. जाड नळीवरचे तोंड उघडे. "अगं, आत व्हॉल्व्ह असतो. टोपी नुसती धूळ जाऊ नये म्हणून," मी म्हणालो. वर्गात मुलाने आडवा प्रश्न विचारला की जो आवाज लागे, तोच लागला होता.

"बरणीला दादरा बांधला, तरी वर झाकण लागतंच," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

मी ब्रश बुडवून रिठ्याच्या पाण्याचा एक थेंब त्या उघड्या तोंडात सोडला. काही झाले नाही. मग थेंबाच्या मध्यभागी एक पारदर्शक फुगा आला, मुगाच्या दाण्याएवढा झाला, आणि फुटला. पुन्हा एक. पाच-सहा सेकंदांनी पुन्हा एक. मी ओरडलो असलो पाहिजे, कारण समोरचे अधिकारी फाटकापर्यंत आले.

सायकलच्या ट्यूबमध्ये असते तशीच पिन त्या तोंडात असते. बारा वर्षांत तिचे रबर कडक झाले होते. जोवर टोपी होती, तोवर टोपीतल्या रबरी कडीने गळती थोपवून धरली. कुठल्या तरी सर्व्हिसिंगमध्ये टोपी काढली गेली आणि परत लागली नाही. ज्या तोंडातून दोनदा गॅस भरला, त्याच तोंडातून तो दोनदा निघून गेला. भरणाऱ्याने आत पाहिले, बाहेर पाहिले नाही. आणि मीही तीन संध्याकाळी सगळीकडे पाहिले, तेवढे एक तोंड सोडून.

पिन बदलायची तर उरलेला गॅस आधी काढायला हवा, आणि ते काम घरच्या पकडीने होत नाही. आमच्या गल्लीत फ्रीज दुरुस्त करणारे एक काका येतात. त्यांच्याकडे पंप, दाबाची घड्याळे, सिलिंडर सगळे असते. ते म्हणाले, "सोडून देऊ न सर हवेत. कोण पाह्यते?" मी नको म्हटले. त्याला कारण आहे. पूर्वी फ्रीजमध्ये विषारी वायू असत आणि गळतीने माणसे दगावत. टॉमस मिजली या अमेरिकन रसायनज्ञाने निराळा वायू काढला आणि १९३० साली भर सभेत तो छातीत ओढून घेऊन फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली: विषारी नाही, ज्वालाग्राही नाही! माणसाला निरुपद्रवी असलेला तो वायू आकाशातल्या ओझोनला खातो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले; १९८७ मध्ये माँट्रियलला करार होऊन तो हटवायचे ठरले. त्याच्या जागी आलेला आमच्या गाडीतला वायू ओझोनला हात लावीत नाही. पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या तेराशे पट भारी आहे. आधीच तापलेल्या नागपूरवर आणखी तो कशाला सोडायचा?

मग आम्ही मास्तरी युक्ती केली. रिकाम्या सिलिंडरमधली हवा पंपाने काढली, तो बादलीत बर्फात ठेवला आणि नळी जोडली. गार जागेत दाब कमी, तापलेल्या गाडीत जास्त. गॅस आपण होऊन बर्फाकडे चालू लागला. सगळा आला नाही, पण बराच आला. बर्फाची लादी मी रसवंतीवाल्याकडून आणली. घरच्या फ्रीजमधल्या ट्रेला हात लावला नाही. ते खडे हिच्या हिशेबातले.

पिन नवी, टोपी नवी. दोन्ही मिळून तर्री-पोह्यांच्या एका बशीएवढी किंमत. त्यानंतर काकांनी पंप लावला आणि तासभर नळ्यांतली हवा ओढत राहिले. "याच्यानं आतलं पाणी उकळून निघून जाते," ते म्हणाले. मी थबकलो. चंबूत पाणी उकळायचे, बूच लावायचे, उलटा धरून वर गार पाणी ओतायचे, की दाब उतरून आतले पाणी पुन्हा उकळू लागते: हा प्रयोग मी एकतीस वेळा केला होता आणि मुलांनी एकतीस वेळा टाळ्या वाजवल्या होत्या. तो कशासाठी असतो, हे मात्र त्या दिवशी कळले. पंप बंद करून अर्धा तास घड्याळाकडे पाहत बसलो. काटा हलला नाही.

मग गॅस. किती भरायचा, ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते. तेवढाच, अंदाजाने नाही. काकांचा तराजू जुना. तेव्हा ही आतून स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आली, ज्यावर ती स्वतःच्या बटाट्याच्या फोडी मोजते. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, गाडी चालू, डबा उभा धरलेला. शाळेतून निरोपाच्या वेळी मुलांनी दिलेला थर्मामीटर मी हवेच्या झरोक्यात खोचला. बाहेर ३९. आत पारा उतरू लागला: तीस, बावीस, पंधरा; आणि ९ वर येऊन थांबला. काका म्हणाले, "झालं न सर!" आणि चहा मागितला.

बुधवारी आम्ही धंतोलीला गेलो. तुकडोजी पुतळ्याच्या चौकात लाल दिवा लागला. मी सवयीने तिच्या हाताकडे पाहिले. बाटली मांडीवर होती, झाकण बंद.

"अहो," ती म्हणाली, "जरा कमी करा ना. कान गार पडले."

मी एक टप्पा कमी केला. संध्याकाळी परतलो, तेव्हा त्या बाटलीत चार बोटे पाणी उरले होते. तिने ते फाटकाजवळच्या तुळशीला घातले.

"टोपी नीट बसवली आहे ना?" तिने माझ्याकडे न पाहताच विचारले.

बसवली होती. तरी मी पुन्हा एकदा बॉनेट उघडले; आणि समोरच्या बंगल्याच्या फाटकाची कडी वाजली.