१५ मिनिटांचं ट्रेनिंग

मीटिंगला दाराजवळची खुर्ची पकडणारा माणूस म्हणजे मी. गावी जायचं तर एसटी नको, ट्रेनच. डब्यात सोय असते. कारण एकच, ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर. "वय काय तुझं!" म्हणून मित्र हसतात. हसू देत.

मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावतं. माझी टाकी लहान नाही, सेन्सर बिघडलाय. ती अर्धी भरायच्या आधीच तिथला डेट्रूसर नावाचा स्नायू आवळतो आणि 'आत्ताच्या आत्ता' असा अलार्म वाजतो.

डॉक्टरांनी लघवी आणि शुगर तपासली. इन्फेक्शन नाही, मधुमेह नाही. मग गोळीऐवजी वही! तीन दिवस काय प्यायलो, कितीदा गेलो, किती मिली, सगळं लिहायचं. आमच्या भाषेत लॉग फाइल. त्यात ऑफिसातले पाच कॉफीचे मग लगेच सापडले.

पुढे ट्रेनिंग. घाई लागली की पळायचं नाही. जागीच थांबून लघवी रोखतानाचे स्नायू चार-पाच वेळा आवळायचे, लाट ओसरू द्यायची. दर आठवड्याला दोन खेपांमधलं अंतर १५ मिनिटांनी वाढवायचं. पाणी मात्र तोडायचं नाही, कारण गडद लघवी मूत्राशयाला आणखी डिवचते.

दोन महिन्यांत पाऊण तासावरून अडीच तासांवर आलोय. एवढ्यानं भागलं नसतं तर सोलिफेनासिन, मिराबेग्रॉनसारखी औषधं आहेतच.

असो. मंडळी, पाठदुखीवर आपण टपरीवर तासभर बोलतो. यावर निदान डॉक्टरांशी तरी बोला.