‘फॉरमॅट करायचं का?’

काटोलच्या माझ्या लग्नपत्रिकांच्या दुकानात एक्सपीवर चालणारा जुना कॉम्प्युटर अजून रोज सुरू होतो. जुन्या गिऱ्हाइकांचं सगळं काम पेजमेकर आणि श्रीलिपीत आहे. युनिकोडच्या आधीचे ते फॉन्ट. नव्या मशीनवर फाइल उघडली की जोडाक्षरं विस्कटतात.

मृग बहाराची संत्री तुटायच्या दिवसांत लग्नसराई असते. तेव्हाच एक काका 64 जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यात पत्रिकेवर छापायचा त्यांच्या दिवंगत वडिलांचा स्कॅन केलेला फोटो होता. मूळ फोटो ओलीनं गेलेला, म्हणजे ही एकच प्रत. पेनड्राइव्ह लावला तर पडद्यावर प्रश्न आला: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?

काका म्हणाले, “भाऊ, पुतण्याच्या लॅपटॉपात त दिसते, इथंच काऊन नाही दिसत?”

त्यांच्या या वाक्यातच अर्धं उत्तर होतं. तरी आधी पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लावून पाहिला. पुढचे पोर्ट आतल्या वायरनं मदरबोर्डला जोडलेले असतात. वायर सैल झाली की यंत्र अडतं. पोर्टेबल हार्डडिस्क तर वीज कमी पडली तरी रुसते, कारण यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअरच्याच हिशोबानं बनलेला. इथं मात्र मागेही तोच प्रश्न. जोडल्याचा आवाज येत होता, ड्राइव्हला अक्षरही मिळत होतं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकार पूर्ण दिसत होता. म्हणजे पेनड्राइव्ह धडधाकट, फक्त त्यावरची मांडणी या मशीनला वाचता येत नव्हती. लॅपटॉपवर पाहिलं तर ती एक्सफॅट निघाली. एक्सपी 2001 चा, एक्सफॅट 2006 चं. एक्सपीसाठी त्याचं अपडेट 2009 मध्ये आलं, पण आमचं मशीन कधी नेटला जोडलेलंच नाही.

अशा वेळी घाईत ‘हो’ दाबणारे पाहिले की माझा जीव तुटतो. वाचता येत नाही तेवढ्यावरून यंत्र डिस्क कोरी समजतं, आणि माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

लॅपटॉपवरून फोटो फॅट32 केलेल्या 4 जीबीच्या पेनड्राइव्हवर घेतला. फॅट32 वर 4 जीबीची एक अख्खी फाइल बसत नाही, पण फोटोला कितीशी जागा लागते! एक्सपीवर तो लगेच उघडला. काकांना आणखी एक प्रत काढून दिली आणि पुतण्याच्या मेलवरही पाठवायला लावली. प्रूफ तपासायला ते संध्याकाळी काकूंना घेऊन आले.