पुढच्या रविवारी

यांची बदली परदेशी झाली ही बातमी वाईला पोचायला चार दिवस लागले, पण नातेवाइकांच्या याद्या आमच्याकडे तीनच दिवसांत आल्या. हा चमत्कार कसा झाला ते मला अजून कळलेलं नाही. कुणाला कॅमेरा हवा होता, कुणाला अत्तर, आणि एका मामेसासऱ्यांना "तिकडे मिळते ती, न दुखणारी" दाढीची पाती हवी होती. ती बदली भूतानला आहे असं कळल्यावर सगळीकडे एकदम शांतता पसरली. एका दिरांनी नकाशा उघडून पाहिला आणि निकाल दिला, "हे तर आसामच्या डोक्यावर आहे. याला कुठला आलाय परदेश? मध्ये समुद्र तरी हवा की नाही?"

समुद्र नव्हताच. हासीमाऱ्यापर्यंत रेल्वे आणि पुढे जीप. फुन्शोलिंगची कमान ओलांडली की झाला परदेश. त्यानंतर मात्र दिवसभर वळणंच वळणं. वळणांवर रस्तेवाल्यांनी सुविचारांच्या पाट्या लावल्या होत्या. पोटातलं सगळं ढवळून निघत असताना सुविचार वाचायचे म्हणजे फार उच्च मनोवृत्ती लागते. आमचा मुक्काम हा नावाच्या गावी. (हो, गावाचं नावच 'हा'. "कुठं असता?" "हा." "अहो, हा काय? कुठं?" हे संभाषण मी सुट्टीवर गेले की घरटी एकदा करत असे.) साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून आपल्या लष्कराचं प्रशिक्षण पथक तिथं आहे. उंची सुमारे सत्तावीसशे मीटर. हिवाळ्यात खोबरेल तेल तर गोठायचंच, पण माझ्या मते विचारही गोठायचे. टेलिव्हिजन नव्हता. तो त्या देशात आला 1999 मध्ये, आणि ही गोष्ट 1998 च्या वसंत ऋतूतली.

त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला सासूबाई आल्या. वय सदुसष्ट. सोबत एक वळकटी, एक पानाचा डबा, गुढीसाठी साखरेच्या गाठी आणि एक मनगटी घड्याळ. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. सासूबाईंनी ते कधीच मान्य केलं नाही. "माझं घड्याळ वाईच्या वेळेवर आहे आणि तसंच राहील. इथल्या लोकांना घाई असेल तर असू दे," म्हणाल्या. त्यामुळे आमची प्रत्येक सहल अर्धा तास उशिरा निघायची आणि तरीही त्यांच्या मते वेळेवर निघायची.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरात एक चित्र दिसलं. सरळसोट काळा कडा, आणि त्याला पाकोळीच्या घरट्यासारखं चिकटलेलं पांढरं देऊळ. पारोचं ताक्तसांग. गुरू पद्मसंभव वाघिणीच्या पाठीवर बसून उडत आले आणि त्या गुहेत ध्यानाला बसले, अशी कथा आहे. देऊळ बांधलं 1692 साली. सासूबाईंनी चष्मा पुसून चित्र पुन्हा पाहिलं.

"आपल्याकडे देवी वाघावर बसते. इथं गुरूच बसलेत. बघायला पाहिजे."

"आई, चढ फार आहे. खालपासून नऊशे मीटर."

"मांढरदेवी चढलेय मी."

"कधी?"

"बाळ्या पोटात असताना."

बाळ्या म्हणजे हे. मेजर होते तेव्हा. यांनी ताबडतोब "पुढच्या रविवारी जाऊ" असं जाहीर केलं आणि बूट घालून बाहेर पडले.

पण पुढच्या रविवारी निघाली अधिकृत सहल. फौजेत वसंत ऋतू आपला आपण येत नाही. त्याचा आधी कागद निघतो. किती वाजता जमायचं, कोणत्या गाडीत कोणी बसायचं, पोशाख कोणता, पाऊस आल्यास काय, सगळं त्यात. आमची सहल होती घरापासून दीड मैलावर, नदीकाठी. तिथं जायला एक ट्रक, दोन जीपा, शामियाना, चाळीस खुर्च्या, छोल्यांचं पातेलं आणि ते पातेलं सांभाळायला एक हवालदार. पीचची झाडं गुलाबी फुलांनी नुसती लगडली होती. त्यांच्याकडे पाठ करून आम्ही बायका ओळीने खुर्च्यांवर बसून तंबोला खेळलो. सासूबाईंना पहिल्याच डावात पूर्ण घर लागलं. बक्षीस मिळाला थर्मास. परत येताना म्हणाल्या, "छान झालं. पण सहलीला कधी जायचं?"

मार्चच्या अखेरीस पाडवा आला. गुढीला बांबू मिळेना, तेव्हा यांनी तंबूचा खांब आणला. कडुलिंब कुठला मिळायला? दाराशी जी पालवी फुटली होती तीच बांधली. वर खण, गाठी आणि पालथा लोटा. आमच्या कुंपणापलीकडे एक भूतानी आजी राहायच्या. सगळे त्यांना आंगे म्हणत, म्हणजे आजीच. त्या लगबगीने आल्या, गुढीकडे पाहिलं, माझा हात हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला काही कळेना. शेवटी आमच्या ड्रायव्हरने उलगडा केला. त्यांच्याकडे घरातलं माणूस गेलं की उंच काठ्यांवर निशाणं उभारतात. कोण गेलं, असं त्या विचारत होत्या.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना सांग, रावण गेला. बरंच झालं."

ड्रायव्हरने काय भाषांतर केलं देव जाणे. पण आंगे खळखळून हसल्या आणि तिथंच दोघींची मैत्री झाली. भाषा म्हणाल तर दोघींत मिळून एकच, पानाची. तिकडे पानाला दोमा म्हणतात. हिरवं पान, चुना आणि आत ओल्या सुपारीचा असा तुकडा की खाल्ल्यावर कानातून वाफ निघते. सासूबाईंनी तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या. मग उठल्या आणि अंगातला स्वेटर काढून ठेवला. मोबदल्यात त्या आंगेंना अडकित्त्याने आपली वाळकी सुपारी कातरून देत. आंगे ती मान राखून चघळत आणि पाठ वळली की थुंकत. तिथं बोलताना प्रत्येक वाक्याला आदराचा 'ला' लावतात. सासूबाईंना ते फार आवडलं. "मराठीच आहे हे. आपल्याकडे नाही का, तुला, मला, त्याला?" त्या आंगेंशी अस्सल वाईच्या मराठीत बोलत आणि शेवटी 'ला' जोडत. "बसा ला. चहा घ्या ला. सून आळशी आहे ला." हे शेवटचं मी स्वयंपाकघरातून ऐकलं आहे.

एका दुपारी आंगेंनी आम्हांला धनुर्विद्येचे सामने बघायला नेलं. तिथला हा राष्ट्रीय खेळ. एकशे पंचेचाळीस मीटरवर लाकडाचं एवढंसं फळकूट, आणि गंमत अशी की त्या फळकुटाच्या अगदी शेजारी प्रतिपक्षाचे गडी उभे राहून तिरंदाजाला चिडवतात. "अरे बाबांनो, सरका की! लागेल!" म्हणून सासूबाई ओरडत होत्या. बाण लागला की सगळे मिळून गाणं म्हणत संथपणे नाचतात. बायका दुसऱ्या बाजूच्या माणसाचा नेम चुकावा म्हणून त्याची टिंगल करतात. तासाभराने पाहते तो त्या बायकांत सासूबाई! नऊवारीत, कमरेवर हात ठेवून, नेम धरणाऱ्या एका गृहस्थाला सांगत होत्या, "अहो, चुलीपुढं हात कापतात का असेच?" त्याचा बाण नदीच्या दिशेने गेला.

जेवायला आंगेंकडे एमा दात्शी. म्हणजे मिरच्या आणि चीज. मिरची घातलेली भाजी नव्हे बरं का, मिरचीच भाजी. सातारा जिल्ह्याची अब्रू राखण्यासाठी सासूबाईंनी वाटीभर संपवली. त्यानंतर दोन दिवस त्या फारसं बोलल्या नाहीत.

मध्येच कधीतरी विचारत, "ते वाघाचं कधी?"

आता खरं सांगते. यांना सुट्टी नव्हती असं नाही. गाडी नव्हती असंही नाही. माझाच पाय निघत नव्हता. पारो म्हणजे चेलेला खिंड ओलांडून पासष्टएक किलोमीटर. खिंडीची उंची 3,988 मीटर, म्हणजे सिंहगडावर सिंहगड असे तीन रचले तरी वर थोडं उरतंच. तिथून उतरायचं आणि मग पुन्हा डोंगर चढायचा. चौतिसाव्या वर्षी मी जिना चढतानाही मध्ये एकदा थांबत असे. पण सांगायचं कुणाला? मी सांगे, "आईंचे गुडघे." यांना सांगे, शेजारणींना सांगे. आईंच्या गुडघ्यांची कीर्ती साऱ्या छावणीत झाली. एकदा मी हे फोनवर नणंदेला सांगत असताना सासूबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. आपल्या गुडघ्यांकडे मात्र एकदा पाहिलं.

एप्रिलात पारोचा त्सेचू. शेवटच्या दिवशी, पौर्णिमेला, पहाटेच्या अंधारात गुरू पद्मसंभवांचं अनेक मजले उंच कापडी चित्र उलगडतात आणि त्यावर ऊन पडायच्या आत गुंडाळतात. रात्री एकला निघालो. खिंडीत बर्फ, वर चंद्र आणि मध्ये सासूबाई, दोन घोंगड्या आणि तंबोलाचा थर्मास. पहाटे ते चित्र उलगडलं तेव्हा हजारो माणसं एकदम गप्प झाली. ड्रायव्हर म्हणाला, याचं नुसतं दर्शन घेतलं तरी माणूस मुक्त होतो.

"नुसतं बघून?" सासूबाई कुजबुजल्या. "मग आपल्याकडे पंढरपूरपर्यंत चालवतात कशाला?" पण हात जोडलेलेच होते.

उजाडल्यावर यांनी गाडी मुद्दाम वरच्या अंगाला नेली. एका वळणावर थांबून बोट दाखवलं. समोर कडा, आणि त्यावर कुणीतरी चुन्याचं बोट टेकवावं तसा पांढरा ठिपका. ताक्तसांग.

"आता आलोच आहोत तर जाऊ या का?" सासूबाई म्हणाल्या.

रात्रभराचं जागरण झालं होतं. मला दिसत होती फक्त माझी गादी. मी म्हटलं, "आई, आज कळसदर्शन झालं असं समजा. वारकऱ्यांना नाही का, गर्दीत कळस दिसला तरी पावतं?"

"पावतं. पण गाभारा उघडा असताना कळसावर भागवू नये."

"उद्या नको, चिरंजीवांच्या शाळेचा कार्यक्रम आहे. पुढच्या रविवारी. अगदी नक्की."

परतताना खिंडीच्या अलीकडे उतारावर बुरांस फुललेला. लालभडक. आमचा ड्रायव्हर गढवालचा. तो गाडी थांबवून एक फूल घेऊन आला आणि सासूबाईंना दिलं. त्या ते मांडीवर घेऊन हा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

पुढचा रविवार म्हणजे 19 एप्रिल. त्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं. अगदी बेताचं, पण मला तेवढं पुरे होतं. मी म्हटलं, "पावसात निसरडं होईल." दुपारी लख्ख ऊन पडलं. मी पापड वाळत घातले.

सोमवारी ड्रायव्हर आला तो टोपी हातात घेऊन. ताक्तसांग जळालं होतं. आदल्याच दिवशी, रविवारी.

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत राहिले. त्यांनी बाहेर ड्रायव्हरला एवढंच विचारलं, "माणसं?" तो काहीतरी हळू बोलला. संध्याकाळी आंगे आल्या, लोण्याचा दिवा घेऊन. सासूबाईंनी निरांजन लावलं. दोन्ही दिवे खिडकीत शेजारी शेजारी ठेवले आणि दोघी खाली चटईवर बसल्या. कुणीच 'ला' म्हटलं नाही. आंगेंचे डोळे पाडव्याला भरले होते तसे भरले होते, आणि या वेळी त्यांचा हात सासूबाईंच्या हातात होता.

रात्री मी म्हटलं, "आई, माझ्यामुळे राहिलं."

"तुझ्यामुळे कशानं? माझे गुडघे ना," त्या म्हणाल्या आणि दिवा मालवला.

मे महिन्यात त्या परत गेल्या. आम्ही पुढे आणखी वर्षभर होतो. परत जाताना मी त्या सगळ्या नातेवाइकांसाठी याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज आणलं. त्याला तिकडे चुगो म्हणतात, आणि तो दगड आहे की खाद्यपदार्थ हे तोंडात ठेवल्यावर तासाभराने ठरतं. मामेसासऱ्यांची कवळी त्यात गेली. दाढीची पाती आणली असती तर स्वस्तात पडलं असतं.

देऊळ पुन्हा उभं राहिलं 2005 साली. सासूबाई त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या. माझं आणि यांचं जाणं झालं 2017 च्या एप्रिलात, साध्या प्रवाशांसारखं, छातीवर कंपनीचा बिल्ला लावून. निघण्याआधी वाईच्या घरात सासूबाईंचं कपाट आवरताना मला घड्या घातलेल्या नऊवारींखाली एक खोका सापडला. त्यात गुडघ्याला चढवायच्या इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या. पुण्याच्या दुकानाची पावती सोबत होती. तारीख फेब्रुवारी 1998. पट्ट्या कोऱ्या करकरीत होत्या.

म्हणजे निघतानाच त्यांनी गुडघ्यांची सोय करून आणली होती. मग आमच्याकडे त्या एकदाही का काढल्या नाहीत? माझी सबब माझ्यापाशी राहू द्यावी म्हणून? मी हे यांना विचारलं. हे म्हणाले, "आईचं काही सांगता येत नाही." मुलाला आईबद्दल साधारण इतकंच ठाऊक असतं.

त्याच पट्ट्या चढवून मी निघाले. आता माझेच गुडघे बोलायला लागले होते, त्यामुळे सोय झाली. पण एकोणीस वर्षांत इलॅस्टिकचा जीव गेलेला. पहिल्या वळणाला डावी पट्टी घसरून घोट्यावर आली, दुसऱ्या वळणाला उजवी. शेजारून घोड्यावर बसलेली माणसं आमच्याकडे कीव आल्यासारखी बघत जात होती. अर्ध्या वाटेवर हे दगडावर टेकले. समोर देऊळ स्वच्छ दिसत होतं. "इथूनच काय सुंदर दिसतंय! खरं तर लांबूनच..."

"उठा," मी म्हटलं.

शेवटी तर पायऱ्याच पायऱ्या. आधी धबधब्यापर्यंत उतरायच्या, मग तेवढ्याच पुन्हा चढायच्या. (हा हिशेब कुणी केला त्याला एकदा भेटायचं आहे.) दारात पिशवी, फोन, कॅमेरा सगळं ठेवून घेतात. पहारेकऱ्याने माझ्या घोट्यांशी गोळा झालेल्या पट्ट्यांकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय, मॅडम?"

"सासूबाई," मी म्हटलं.

त्याने यांच्याकडे पाहिलं. यांनी मान डोलावली. मग मी वाकले, दोन्ही पट्ट्या ओढून गुडघ्यापर्यंत घेतल्या, हातांनी घट्ट धरल्या आणि तशीच वाकलेली आत गेले.