आंबागड : वेशीबाहेरचा एक दिवस

डिसेंबर आला की ऑफिसात एक सीन ठरलेला. कुणीतरी इटलीला जाऊन आलेलं असतं. टस्कनीच्या टेकड्या, द्राक्षांचे मळे, डोंगरमाथ्यावरचं दगडी गाव आणि पाठीला छोटी सॅक लावून चढणारं अख्खं कुटुंब. आपण फोटो लाइक करतो, मनातल्या मनात ईएमआयचा हिशोब लावतो आणि पुन्हा एक्सेल शीट उघडतो.

पण त्या इटालियन लोकांचं एक आपल्याला आवडलं, बॉस. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन शहराबाहेर पडायचं, चालायचं, बरोबर नेलेलं खायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, एवढ्या साध्या गोष्टीला त्यांनी नाव ठेवलंय : 'जीता फुओरी पोर्ता'. वेशीबाहेरची फेरी! ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तर हा तिथला रिवाजच. व्हिसा नको, पॅकेज नको. वेस मात्र हवी आणि ती ओलांडायची इच्छा हवी. वेस काय, आपल्यालाही आहेच.

आमची वेस नागपूरची. मी नोकरीला पुण्यात, आई-बाबा नागपुरात. वर्षातून दोनदा आठवडाभर घरी जाणं होतं आणि तो आठवडा मॉल, लग्न आणि नातेवाइकांचा चहा यांत संपतो. यंदा मी जाहीर करून टाकलं, एक पूर्ण दिवस सगळ्यांनी मिळून डोंगर चढायचा. आई म्हणाली, "विदर्भात कुठला आला डोंगर?" बाबा काहीच बोलले नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते सोसायटीच्या गेटपलीकडे फारसे जात नाहीत. बायकोनं हळूच विचारलं, "बाबांना झेपेल?" आमच्या सात वर्षांच्या कन्येचा प्रश्न वेगळाच होता. "तिथे शिवाजी महाराज होते का?"

किल्ला म्हणजे फक्त सह्याद्री?

प्रश्न तिचा एकटीचा नाही. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजगड, सिंहगड, हरिश्चंद्रगड. ट्रेकिंगचे ग्रुप तिकडचे, पुस्तकं तिकडची, टी-शर्टवरची वाक्यंही तिकडचीच. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या रांगेत एक गिरिदुर्ग उभा आहे, हे नागपुरात वाढूनही अनेकांना माहीत नसतं.

आंबागड बांधला गेला १७०० च्या सुमारास. तेव्हा इथे देवगडच्या गोंड राजाचं राज्य होतं. राजाचं नाव बख्त बुलंद शाह. होय, नागपूर शहर वसवणारा तोच. त्याचा सुभेदार राजा खान पठाण यानं हा किल्ला उभारला. पुढे देवगडचं राज्य संपलं आणि गड नागपूरकर भोसल्यांकडे गेला. त्यांच्यानंतर इंग्रज आले. गोंड राजा, पठाण सुभेदार, मराठे, इंग्रज : दीडेकशे वर्षांत एका टेकडीवर इतके मालक!

धानाच्या देशातून

सकाळी सहाला निघालो. नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. तिथून मोहाडीवरून तुमसर आणि तुमसरपासून आंबागड साधारण तेरा किलोमीटर. भंडारा सोडलं की हिरव्या-पिवळ्या बांध्या सुरू होतात. धान कापून झालं होतं, शेताशेतांत पुंजणे रचलेले होते. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे आणि तुमसर तर तांदळाची जुनी बाजारपेठ. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीतून निघणारं मॅंगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांत जातं. हे ऐकल्यावर कन्येनं आपल्या टॉर्चकडे जरा आदरानं पाहिलं.

आणि तलाव! दर दोन-चार किलोमीटरवर एक. हा जिल्हाच तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं हे तलाव बांधले. उतार बघायचा, पाळ घालायची, पाणी अडवायचं आणि खालची धानशेती भिजवायची. पुढे त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले आणि आता सरकारी भाषेत 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घरातून निघाल्यापासून गप्प बसलेला माणूस पहिल्या तलावापाशी जो बोलायला लागला, तो थेट तुमसरपर्यंत थांबला नाही.

चढाई

पायथ्याशी एका आजोबांनी गाडी बघून हटकलं. "पानी घेतलं का जी सोबत? वरतं प्याचं पानी नाई भेटत." दोन बाटल्या होत्या, त्यांनी घरून आणखी दोन भरून दिल्या. पैसे विचारले तर हसले.

चढ अवघड नाही. पायऱ्या आहेत, आजूबाजूला सागाचं, तेंदूचं, मोहाचं रान आहे. तरण्या माणसाला फार वेळ लागणार नाही. आम्हाला सव्वा तास लागला, कारण आमचा वेग बाबांच्या गुडघ्यानं ठरवला होता. दर तीस-चाळीस पायऱ्यांवर थांबा. पहिल्या थांब्याला मी घड्याळ बघत होतो. तिसऱ्या थांब्याला कन्या वाळलेली सागाची पानं गोळा करत होती, आई तिला पान चुरगळून त्याचा लाल रंग बोटांवर दाखवत होती आणि बायको चक्क पायरीवर आडवी झाली होती. मध्यावर मी म्हटलं, "बाबा, इथूनच परत फिरू या का?" ते म्हणाले, "तू खाली जाऊन थांब." आणि काठी टेकत पुढे निघाले!

दरवाजा आला तेव्हा पहिले आत गेले ते बाबा. आम्ही मुद्दामच मागे राहिलो.

गडावरचं पाणी

वर तटबंदी आहे, बुरूज आहेत, पडक्या भिंती आहेत. तटावर उभं राहिलं की खाली जंगल आणि त्यापलीकडे सपाट धानाचा मुलूख. फोटोसाठी एकदम सॉल्लिड जागा. पण या गडाची जी गोष्ट सांगायलाच हवी, ती फोटोत येत नाही.

भोसल्यांच्या काळात आंबागड तुरुंग झाला. जिल्ह्याचं गॅझेटियर सांगतं, की इथल्या कैद्यांना किल्ल्यातल्या विहिरीचं साचलेलं, विषारी झालेलं पाणी प्यायला भाग पाडलं जाई आणि त्यानं ते मरत. तलवार नको, फाशी नको. तहान लागली की काम होत असे.

आता हे सात वर्षांच्या मुलीला सांगायचं की नाही? बायको म्हणाली, नको. मलाही वाटलं, आज पिकनिक आहे, राहू दे. पण पाण्याशी उभी राहून तिनंच विचारलं, "हे पाणी प्यायचे का ते?" आणि बाबांनी सांगून टाकलं. आवाज न चढवता, सरळ. ती जरा वेळ गप्प राहिली.

"असं कोणी केलं? आपल्या लोकांनी की वाईट लोकांनी?"

मी अडकलोच. शाळेच्या पुस्तकातले मराठे म्हणजे आपले. आणि तुरुंग तर मराठ्यांचाच! बाबा म्हणाले, "ज्याच्या हातात किल्ला होता, त्यानं केलं."

"मग आपण कुठे होतो?"

"आपण? आपण खाली धान लावत होतो."

तिला ते पटलं. फक्त पाण्याजवळ बसून डबा खायला तिनं साफ नकार दिला. मग सगळा संसार उचलून दरवाजाच्या सावलीत आलो. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, सांभारवडी आणि आईचा ठेचा. आजोबांनी दिलेलं पाणी सगळ्यांना पुरलं.

मला वाटतं, मुलांना घेऊन इथे यावं ते याचसाठी. बाकीच्या गडांवर कुणाचा जयजयकार करायचा ते आधीच ठरलेलं असतं. इथे ते ठरलेलं नाही. ज्या मुलखात राजानं आणि रयतेनं मिळून गावागावात पाणी साठवलं, तिथेच एका टेकडीवर पाण्याचीच शिक्षा झाली. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात, एकाच गाडीतून पाहता येतात.

उतरल्यावर जवळच्या गायमुखला गेलो. महादेवाचं ठिकाण, महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. झऱ्याच्या पाण्याखाली कन्येनं ओंजळ धरली, आधी आजोबांकडे बघितलं, त्यांनी मान हलवल्यावर तोंड धुतलं. परतीच्या वाटेवर बाबांनी विचारलं, "भंडारा जिल्ह्यात आणखी कुठले किल्ले आहेत रे?" सानगडी आहे, पवनी आहे. पुढची सुट्टी बुक!

तुम्हीही निघताय?

कसं जाल : नागपूर–भंडारा–मोहाडी–तुमसर–आंबागड, सुमारे शंभर किलोमीटर. रेल्वेनं आलात तर हावडा मार्गावरच्या तुमसर रोड स्टेशनावर उतरा आणि पुढे गाडी ठरवा.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून विदर्भाचं ऊन काय असतं, हे सांगायला नको.

काय न्याल : माणशी किमान दोन लिटर पाणी, घरचा डबा, टोपी, चांगले बूट. कचऱ्यासाठी एक पिशवी, आणि ती भरून परत आणा.

जोडीला : गायमुख, चांदपूरचा तलाव आणि हनुमान मंदिर, मोहाडीची चौंडेश्वरी.

कुणाला न्याल : जो सगळ्यात हळू चालतो त्याला. त्याला पुढे ठेवा, घड्याळ गाडीत ठेवा.