नावाविना सूर

जोहे, तालुका पेण, येथील गणेशमूर्ती दूरदूरच्या मखरांत विराजमान होतात. मूर्तिकाराचे नाव मात्र क्वचितच कोणी विचारते. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील वादकांचेही असेच झाले.

केर्सी लॉर्ड (१९३५–२०१६) हे त्यांपैकी एक. वडील कावस तालवादक, बंधू बुर्जोर व्हायब्राफोनवादक. 'आराधना' (१९६९) चित्रपटातील 'रूप तेरा मस्ताना' या गीतातील ॲकॉर्डियन केर्सींचे. पुढे सिंथेसायझरचा स्वर हिंदी चित्रसंगीतात रुजवणाऱ्या आरंभीच्या वादकांतही ते होते.

लंडनचे पियानोवादक निकी हॉपकिन्स (१९४४–१९९४) यांची वाटही अशीच. प्रकृती नाजूक असल्याने प्रवासापेक्षा स्टुडिओतील वादन त्यांना मानवले. रोलिंग स्टोन्स व बीटल्स यांच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा पियानो आहे. सामान्य श्रोत्याला मात्र ठाऊक असतात ती गायकांचीच नावे.

वादकाला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळे आणि हिशेब मिटे. गीत मात्र पुढे पन्नास वर्षे वाजत राहते. रसिकाच्या खात्यावरील ते ऋण पैशाने फिटणारे नाही. गीतकार, संगीतकार व गायक यांच्यासोबत वादकाचेही नाव आदराने घेतले जावे, एवढी परतफेड तरी प्रत्येक घराला शक्य आहे.