अंगठी आणि पाडस

प्राध्यापकाला पदोन्नती हवी असेल, तर त्याला काही काळ पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७मध्ये अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना आणली आणि उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग हे शब्द आमच्या पेशात रुळले. या संस्थांना पुढे मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले. २०२३पासून त्या मालवीय मिशनच्या नावाने ओळखल्या जातात. पाट्या बदलल्या, पण संयोजकासमोरचे दोन प्रश्न कायम राहिले. समोर बसलेला माणूस तोच आहे का? आणि तो खरोखर बसला आहे का?

आमच्या पहिल्या उजळणी वर्गात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणजे एक हजेरीपट होता. सकाळी एक सही, जेवणानंतर दुसरी. शनिवारी दुपारची गाडी गाठायला निघालेल्या मित्राची सही आम्ही निःशंक मनाने ठोकली होती. ती करताना हात कापला नाही. परत आल्यावर आमच्याच वर्गात मागच्या बाकावरून एकाने दुसऱ्यासाठी ‘हजर, सर’ म्हटले, तेव्हा मात्र सचोटीवर दहा मिनिटे बोललो. त्या दोन प्रसंगांचा परस्परसंबंध आम्हांला तेव्हा जाणवला नाही.

२०१८मध्ये ‘अर्पित’ नावाची योजना आली. पाठ ‘स्वयम्’वर घरबसल्या पाहायचे आणि अंतिम परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. म्हणजे माणूस तोच आहे ना, हे परीक्षेच्या दिवशी पाहिले जाई. त्याने पाठ ऐकले की नुसते चालू ठेवले, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. मग २०२०ची टाळेबंदी आली आणि सगळेच वर्ग पडद्यावर गेले.

२०२१मधल्या अशाच एका उजळणी वर्गाची ही हकीकत. नियम स्पष्ट होते. पूर्ण नाव आणि महाविद्यालय लिहावे, कॅमेरा सुरू ठेवावा, सत्रात केव्हाही हजेरीची लिंक येईल, ती पाच मिनिटांत भरावी. आमचा चेहरा दोन आठवडे चौकटीत अढळ होता. चौकटीच्या खाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. लिंक आली की खूण करायची आणि पुन्हा गुण द्यायला लागायचे. आमची हजेरी शंभर टक्के भरली.

याच वर्गात तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एक बाई होत्या. त्यांची आई रुग्णालयात होती आणि त्या जिन्यात बसून कानांत इअरफोन घालून सत्रे ऐकत. रेंज तुटे म्हणून त्यांचा कॅमेरा बंद असे. आत्मचरित्रातल्या ‘मी’वर व्याख्यान चालू असताना त्यांनी विचारले, ‘सही न येणाऱ्या बाईने सांगितलेले आयुष्य दुसऱ्याने लिहिले, तर त्यातला मी कोणाचा?’ व्याख्याते थांबले. पुढचा अर्धा तास त्याच प्रश्नावर चर्चा झाली. नंतर लिंक आली, तेव्हा बाईंची रेंज गेली होती. त्या सत्रात त्या गैरहजर ठरल्या.

रात्री त्यांचा फोन आला. ‘सर, माझी चार सत्रं गेली. प्रमाणपत्र मिळेलसं वाटत नाही.’

आम्ही जुन्या सवयीने म्हणालो, ‘काळजी करू नका, मॅडम. उद्यापासून तुमची लिंक मी भरत जाईन.’

क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘भरू नका, सर. मी होते, एवढंच लिहून द्या.’

आम्ही संयोजकांना पत्र लिहायला बसलो आणि अडलो. त्यांचा प्रश्न शब्दशः आठवत होता, पण व्याख्यात्यांनी त्यावर काय म्हटले ते आठवेना. त्या अर्ध्या तासात आम्ही सात उत्तरपत्रिका संपवल्या होत्या. शेवटी आम्ही बाईंनाच फोन लावून विचारले. शंभर टक्के हजर असलेल्या साक्षीदाराने गैरहजर बाईंकडून वृत्तान्त घेतला आणि त्यांच्या हजेरीची साक्ष दिली.

पत्राला सौजन्यपूर्ण उत्तर आले : नोंद नसल्यास काही करता येत नाही. बाईंनी पुढल्या वर्षी तोच वर्ग पुन्हा केला. त्यांची पदोन्नती तेवढी लांबली. आमचे प्रमाणपत्र ‘अ’ श्रेणीसह वेळेवर आले आणि पदोन्नतीत धरलेही गेले.

‘शाकुन्तल’ शिकवताना पाचव्या अंकाशी आम्ही हल्ली जरा जास्त थांबतो. दरबारात शकुंतलेला ओळख पटवायची आहे आणि बोटात अंगठी नाही. तेव्हा ती एक आठवण सांगते. दीर्घापांग नावाच्या पाडसाने राजाच्या हातचे पाणी घेतले नाही, तिच्या हातचे मात्र प्याले. तिथे जो होता त्यालाच ठाऊक असेल, असा हा तपशील. राजा त्याला बायकांची चतुराई म्हणतो. पुढे कोळ्याकडून अंगठी मिळते, तेव्हाच त्याला सारे आठवते. वर्षानुवर्षे आम्ही हे शापाचे नाट्य म्हणून शिकवले. पण ज्याच्याकडे नोंद नाही त्याच्या आठवणीला दरबारात किंमत नसते, हेही त्यात आहेच.

संयोजकांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्यापुढे पडद्यावर कितीतरी चौकटी असतात, सरकारी पैशाचा हिशेब द्यायचा असतो, प्रत्येकाचे पाडस ऐकून घ्यायला वेळ नसतो. आणि ती पाच मिनिटांची लिंक मुळात आली कोणामुळे? मित्राच्या सह्या ठोकणाऱ्या आमच्यासारख्यांमुळेच. आमच्या लबाडीसाठी काढलेल्या जाळ्यात आम्ही सापडलो नाही, सापडल्या त्या बाई.

आता आमच्या वर्गात हजेरीपट आहेच, नियमच आहे. पण तास संपताना आम्ही एक चिठ्ठी मागतो : आज ऐकलेले एक काहीतरी लिहा, आपल्या शब्दांत. एका विद्यार्थ्याने परवा हसत सांगितले, ‘सर, हेही मित्राला विचारून लिहिता येतं.’ येते, आम्हांला ठाऊक आहे. आम्हीही एकदा तसेच लिहिले होते. पण विचारावे तर लागते, आणि तेवढ्यापुरते दोघांमध्ये त्या कवितेविषयी बोलणे होते.