कळंबचा ळ

तुमच्या गावाच्या नावात, आडनावात किंवा जेवणाच्या डब्यात ळ आहे? मग पुढचं नीट वाचा. कारण तुम्ही कधी मराठी वेबसाइट बनवलीत, तर हाच ळ तुम्हाला रात्रभर जागवू शकतो!

आता माझ्या मावशीचंच घ्या. ती राहते मांजरा नदीकाठच्या कळंबला, जिल्हा धाराशिव. विकते काय? काळं तिखट, हळद, डाळी आणि कारळ्याची चटणी. म्हणजे ळ चा होलसेल कारभार! येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत तिला स्टॉल लावायचा होता. पाकिटावर क्यूआर कोड, तो स्कॅन केला की भाव आणि ऑर्डरसाठी फोन नंबर... बस्स, एवढीच साइट हवी होती. हातात एक आठवडा. आणि भाचीचा फ्रीलान्स रेट? अर्थातच झीरो.

एवढ्याशा साइटला डेटाबेस कशाला, म्हणून मी ह्यूगो घेतलं. हा स्टॅटिक साइट जनरेटर. आपण साध्या टेक्स्ट फाइल्स द्यायच्या, तो त्यांची तयार पानं करून ठेवतो. आपल्याकडच्या कडक भाकरीसारखं. आधीच करून ठेवलेली असते, पाहुणा आला की चूल पेटवायला नको. एक तयार थीम मिळाली, तिच्यात देखणा देवनागरी फॉन्टही होता. लिंक मावशीला पाठवली. पाच मिनिटांत फोन.

"छान झालंय गं. पण कळंबमधला ळ पाहुण्यावानी का दिसायलाय?"

बघते तर काय, खरंच! क आणि ब गुबगुबीत, गोलसर. मधला ळ मात्र काटकुळा, दुसऱ्याच घरचा. हळद, डाळ, काळं तिखट, सगळीकडे तेच. 'शेतकऱ्यांकडून थेट' मधला ऱ्यां पण तसाच उपरा. मावशीने निकाल देऊन टाकला, "गावाचं नाव नीट आल्याशिवाय पाकिटं छापायची नाहीत." पाकिटं होती पाचशे आणि प्रेसवाला रोज फोन करत होता.

वेबफॉन्ट रुसला की पहिला संशय घ्यायचा तो पत्त्यावर. फाइल सापडतेय का? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ४०४ दिसलं तर पत्ता चुकलाय. ह्यूगोमध्ये फॉन्ट 'स्टॅटिक' फोल्डरमध्ये ठेवतात. साइट डोमेनच्या आतल्या एखाद्या फोल्डरमध्ये असेल, तर तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता भलतीकडे नेतो. शिवाय विंडोज लॅपटॉपला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चालून जातं, लिनक्स सर्व्हरला नाही. घरी पास, सर्व्हरवर नापास! पण इथे फाइल व्यवस्थित येत होती. मग?

दुसरी पायरी. क्रोममध्ये त्या शब्दावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, मग 'कम्प्युटेड' आणि त्यात खाली 'रेंडर्ड फॉन्ट्स'. कुठल्या फॉन्टमधून किती अक्षरं आली, याचा हिशोबच तिथे मिळतो. इथे एका शब्दाला दोन फॉन्ट! म्हणजे आमच्या फॉन्टमध्ये ळ नव्हताच. ब्राउझरने तो बिचारा फोनमधल्या दुसऱ्या फॉन्टकडून उसना आणला होता.

असं का व्हावं? मोबाइलवर पान पटकन उघडावं म्हणून फॉन्ट कापून हलका करतात, नको ती अक्षरं काढून. आता 'नको' कुणाला, हाच तर प्रश्न! रोजच्या हिंदी लिखाणात ळ लागत नाही, ऱ्या तर नाहीच. थीममधली कात्री हिंदीच्या मापाने चालली होती. युनिकोडमध्ये ळ आहे ०९३३ वर, ऱ आहे ०९३१ वर. दोघांनाही जागा आहे, पण आमच्या फाइलमध्ये नव्हती.

मग मी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' घेतला. ओपन फॉन्ट लायसन्सचा, म्हणजे वापरायला फुकट आणि कापायलाही परवानगी. 'फॉन्टटूल्स'ने तो स्वतः कापला. ०९०० ते ०९७एफ हा अख्खा देवनागरी पट्टा ठेवला, रुपयाचं चिन्ह ठेवलं आणि जोडाक्षरं सांभाळणारे २००सी, २००डी हे न दिसणारे दोघेही ठेवले. सीएसएसमधली 'युनिकोड-रेंज' तेवढीच रुंद केली. फाइलला नवं नाव दिलं, नाहीतर ब्राउझर जुनीच फाइल कॅशमधून काढून दाखवत बसतो.

आणखी एक छोटं काम. पानाच्या 'लँग' खुणेत 'एमआर' लिहिलं. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे भरलेले असतील, तर ब्राउझर ते या खुणेवरून उचलतो. २०२२ मध्ये राज्य शासनाने मराठी वर्णमालेवर शासन निर्णय काढला, त्यातही ल आणि श कसे लिहायचे हे आलंय. म्हणजे ही काही फक्त मावशीची हौस नाही!

पाकिटं यात्रेच्या आदल्या दिवशी छापून आली. स्टॉलवर कुणीही ळ कडे बघून वाहवा केली नाही. करायची गरजच नव्हती. स्वतःच्या गावाचं नाव सरळ दिसलं, तर त्यात कौतुक कसलं? पण ते वाकडं दिसलं, की आपण या दुकानात उपरे आहोत, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. कुणीही वाईट हेतूने ळ कापला नव्हता, यादी करताना आपण कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतो, इतकंच.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी थीम तपासायला 'लोरेम इप्सम' नको. ही ओळ टाका: 'येरमाळ्याच्या शेतकऱ्याची लालशार हळद, ₹ ४० ला पाव किलो.' हिच्यातली सगळी अक्षरं एका घरची दिसली, की समजा साइट मराठी झाली.